घुमटातला पांढरा फेटा

विमानाचा घुमट पुसताना हात सरळ न्यायचा, नाकाकडून शेपटीकडं. गोल फिरवायचा नाही. कोरडा तर लावायचाच नाही. आधी भरपूर पाणी सोडायचं, धूळ आपली आपण वाहून गेली पाहिजे. मग मऊ फडकं, तेही ओलं, आणि बोटांत जोर नको. हे मी आज कुणालाही शिकवू शकतो. सगळ्या पालम तालुक्यात हे काम येणारा माझ्याशिवाय दुसरा माणूस नाही. हे मी माझ्याच तोंडानं सांगतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. शाळा माझी तिसरीपर्यंत झाली. तरी हे लिहायला बसलोय ते माझ्या हातानं, आणि यातलं एक अक्षरही कोणी सुधारायचं नाही असं घरात बजावून ठेवलंय.

गावाच्या वरच्या अंगाला माळ आहे. सात-बारावर नाव जमीनदाराचं, पण चार पिढ्या त्यावर मेंढरं चरली ती आमच्या घरची. जमीनदाराला एकच लेक. ती बाहेर राहून विमान चालवायला शिकली, पुढं दुसऱ्यांना शिकवायला लागली, आणि बाप गेल्यावर पंचेचाळिशीच्या आसपास गावाकडं परत आली. मी त्यांना ताई म्हणतो, त्या मला मामा म्हणतात. त्यांनी माळावर मुरूम दाबून सरळ पट्टी केली, कडेला पत्र्याचं शेड मारलं. परवानग्यांच्या कागदांत दोन पावसाळे गेले. मग एका ट्रकमधून विमान तुकड्या-तुकड्यांनी आलं.

विमान म्हणजे किती, तर दोन माणसं शेजारी शेजारी बसतील एवढं. बैलगाडीत त्याहून जास्त बसतात. पण डोक्यावरचा घुमट बघण्यासारखा. साचलेल्या पाण्यावर बुडबुडा येतो आणि फुटायच्या आधी जरा थांबतो, तसा तो थांबलेला. काच म्हणतात, पण काच नाही ती, प्लास्टिकचाच एक प्रकार. ताई कॅनोपी म्हणायच्या, मी घुमट म्हणायचो. पुढं त्याही घुमटच म्हणायला लागल्या.

माझं काम पट्टी राखायचं. जनावर आलं तर हाकलायचं, विमानावर कापड ओढायचं, आणि घुमट पुसायचा. घुमटाचा सगळा जिम्मा माझा, दुसऱ्याचा हात त्याला लागू द्यायचा नाही, हे ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला ते लय आवडलं.

एक दिवस त्यांनी मला आत बसवलं, पुढच्या फळीवर पांढरा कागद ठेवला आणि म्हणाल्या, समोर बघा. बघतो तर कागद लांबच्या बाभळीवर तरंगायला लागलेला. मी हात पुढं केला तर बोटं घुमटाला लागली. ताईंनी कागद उचलला, बाभूळ मोकळी झाली. घुमटाला बाहेरचं दिसतं तसं आतलंही दिसतं, आणि तो दोन्ही एकातच मिसळून दाखवतो, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणूनच फळीला बिनचकाकीचा काळा रंग. म्हणूनच ताई उडताना काळसर सदरा घालायच्या, आत पांढरं फडकंसुद्धा ठेवू द्यायच्या नाहीत. उन्हाचा एक खास चष्मा त्यांनी एकदा मला लावून दाखवला, तर सगळ्या घुमटावर मोराच्या पिसासारखे रंग उठले. तो चष्मा त्यांनी कायमचा बाजूला टाकला आणि पुढं आलेल्या चोचीची टोपी घेतली.

"आभाळात काय तरंगायलंय ते आधी आपल्या मांडीवर हुडकायचं, मामा," असं त्या म्हणायच्या.

आता माझ्या भावाचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं लागायचं नाही.

पट्टीच्या मावळतीच्या टोकाला, जरा उजव्या हाताला, हिवराचं झाड होतं. आता नुसतं खोड आहे, आतून काळं. मी सोळा-सतरा वर्षांचा असेन, भाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा. भाऊ डावखुरा. फेटासुद्धा उलटा बांधायचा. माझा शेमला, फेट्याचं सुटं टोक, उजव्या खांद्यावर येतो, त्याचा डाव्या खांद्यावर यायचा. लांबून नुसत्या फेट्यावरून आम्ही ओळखू यायचो. भाद्रपदातली दुपार होती. तो हिवराखाली अर्धी मेंढरं घेऊन उभा, मी उरलेली घेऊन त्याच्याकडं निघालेलो. आभाळ एकाएकी भरून आलं. त्यानं मला बघितलं आणि डावा हात वर केला. येऊ नको, माघारी फिर, असा. मी थांबलो. मग पांढरं झालं. आवाज मला आठवत नाही, पांढरं झालेलं तेवढं आठवतं. जवळ गेलो तेव्हा मेंढरं झाडाभोवती गोल पडलेली होती, डोकी आत, पाय बाहेर. फेटा भावापासून लांब, अख्खा, एक डागसुद्धा नाही.

त्यानं हात वर केला होता हे मी कुणाला सांगितलं नाही. आईला नाही, पुढं बायकोलाही नाही. तो हात माझ्यासाठी होता. तेवढा माझ्याजवळ राहू द्यायचा असं मी ठरवलं होतं.

दसऱ्याच्या आधी अवजारं पुजायची असतात. त्या वर्षी ताई चार दिवस परभणीला गेलेल्या. विमान घुमटासकट चकचकीत करून पुजेला उभं करायचं असं मी मनात घेतलं. पण घुमटावर पाखरांची घाण वाळून दगड झालेली, आणि शेडवर आलेल्या लिंबाचा चिकटा. पाण्यानं हटेना. ओलं फडकं लावून बसलो, तरी हटेना. मग मी आमच्या रीतीनं केलं.

आमच्या घरात कंदिलाची काच मी पुसायचो. सहा वर्षांचा असल्यापासून. शेणीची मऊ राख, वस्त्रगाळ केलेली, कोरडं जुनं कापड, आणि हात आत घालून गोल, गोल. काच अशी व्हायची की आहे की नाही ते बोट लावून बघावं लागायचं. सोयऱ्याधायऱ्यांत माझ्या काचेचं नाव होतं. घुमट तर केवढा, पण शेवटी काचच, असं मला वाटलं. ताईंनी सांगितलेलं मला आठवत होतं. पण ताई कंदिलाच्या उजेडात वाढलेल्या नाहीत, असंही वाटलं.

चुलीतून राख गाळून घेतली तेव्हा कारभारीण म्हणाली, "राख कुठं चाललीय?"

"विमानाला."

"भांडी घासतेत राखंनं. इमान न्हाई."

कापड लय मऊ पाहिजे होतं. घरात सगळ्यात मऊ कापड होतं ते पेटीच्या तळाशी, भावाचा फेटा. इतक्या वर्षांत विरून मलमलीसारखा झालेला. त्याचा हातभर तुकडा मी फाडला. फाडताना काही वाटलं नाही. भावाच्या हातची राखण विमानावर राहील, असंच वाटलं. सगळा दिवस मी घुमट घासला. शेडच्या सावलीत तो असा झाला की त्यात ढग आल्यासारखे दिसायचे.

ताई आल्या, पुढून मागून बघितलं, बोट फिरवलं. खूश झाल्या. आणि मग विचारलं, कशानं पुसला. मी म्हणालो, तुम्ही सांगितलं तसाच. ते माझ्या तोंडून इतकं सहज गेलं की मलाच खरं वाटलं.

दुपारच्या उन्हात काहीच नव्हतं. सकाळीही नव्हतं, कारण ताई उतरायच्या ते नेहमी मावळतीकडं तोंड करून. त्या टोकाला पुढं विजेच्या तारा आहेत, म्हणून येणं उगवतीकडूनच. सकाळी सूर्य पाठीशी असायचा. संध्याकाळी मात्र सरळ समोर. काळ्या रानावर दुपारी हवा उसळते, म्हणून त्या उडायच्या सकाळ-संध्याकाळ, आणि उतरायच्या कासराभर दिवस शिल्लक असताना.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या संध्याकाळी विमान खाली आलं, शेडपाशी थांबलं, पंखा बंद झाला. पण घुमट उघडेना. मी वाट बघत उभा राहिलो. आत ताई दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत होत्या. बऱ्याच वेळानं घुमट वर उचलला आणि त्यांनी विचारलं, पट्टीच्या टोकाला कोण उभं होतं.

कोणी नव्हतं. मी इथं शेडपाशी होतो, आणि माळावर माझ्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. तसं सांगितलं.

त्या म्हणाल्या, एक पांढरा माणूस होता. उजव्या हाताला. उंच, डोकं गोल. मी खाली येईल तसा तोही खाली येत होता, तेवढंच अंतर राखून. त्यांनी फळी बघितली, शेजारची बैठक बघितली, खिसे उलटे केले. पांढरं काहीच सापडलं नाही. मग हसून म्हणाल्या, ऊन लय होतं. मीही हसलो. उजव्या हाताला हिवराचं खोड आहे हे मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शेडपाशीच उभा होतो. विमान उगवतीकडून आलं, उतरत उतरत आलं, पट्टी दोन पुरुष खाली राहिली असेल, आणि एकाएकी आवाज वाढवून परत वर गेलं. माझ्या डोक्यावरून गेलं तेव्हा मी हात डोळ्यांवर धरून पट्टीकडं बघितलं. मधोमध तीन रोही उभे होते. नीलगायीचे घोड्याएवढे नर. ऐन उन्हात उभे, म्हणून मलाही दिसले नव्हते. राखण माझी, आणि मला दिसले नव्हते. मी ओरडत धावलो, ते निवांत चालत कापसात गेले.

ताई दुसऱ्या फेरीत उतरल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी रोह्यांचं विचारलंच नाही. त्यांना रोही दिसलेच नव्हते.

"मग तुमी वर कशाला गेलाव?" मी विचारलं.

"त्यानं हात वर केला, मामा. माघारी फिर म्हणल्यासारखा. डावा हात."

मी विमानाच्या पंखाला धरलं. पंख संध्याकाळी गार असतो, तसा गार होता. माळावर वारा नव्हता, तरी कापसाच्या ओळींतून काहीतरी सरकत गेल्यासारखा आवाज आला. ते रोही असतील. ताई माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी म्हणालो, चहा टाकतो.

दुसऱ्या दिवशी मी हिवराच्या खोडापाशी दहीभात ठेवून आलो. कारभारणीनं न विचारता करून दिला होता. परत येताना मागं बघायचं नसतं. मी बघितलं नाही. पण माझी सावली पुढं लांब पडलेली होती, आणि तिच्या डोक्यावरचा शेमला मला कुठल्या खांद्यावर दिसला ते मी शपथेवर सांगू शकत नाही.

त्यानंतर ताईंनी दोन दिवस विमान काढलं नाही. शेडमध्ये खुर्ची टाकून बसायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून सगळं सांगितलं. पांढरा माणूस एकटा नसतो, सूर्याभोवती कडी दिसतात. कड्यात कडं, कड्यात कडं, आणि मधे तो. त्यांच्या वडिलांना काचबिंदू होता. गावात सगळ्यांना माहीत आहे, शेवटची दहा वर्षं मालक काठी धरून चालले. त्यांनाही आधी दिव्याभोवती कडीच दिसायची. ताई लहान होत्या तेव्हा ते म्हणायचे, दिव्यानं आज मुंडावळ्या बांधल्यात, आणि घरात सगळे हसायचे.

विमान चालवणाऱ्याचे डोळे ठरलेल्या मुदतीनं तपासतात. ताईंची तारीख पुढच्या आठवड्यात होती. तपासून घ्यायच्या आधी आपणच लिहून द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. नसलेली माणसं दिसतात, कडी दिसतात, मी उडणं थांबवते. परवाना परत, विमान विकायचं, पट्टी नांगरून कापूस लावायचा.

"दुसऱ्याला शिकवताना मी सांगत आले, डोळ्यांवर शंका आली की खाली उतरायचं," त्या म्हणाल्या. "मग मला येगळा कायदा का?"

मी म्हणालो, लिहायच्या आधी एकदा मला घेऊन चला. मला बघू द्या. त्या नको म्हणाल्या. मी हटलो नाही. हट्टात मला हरवणारं माणूस अजून जन्माला यायचंय. शेवटी त्या म्हणाल्या, बरं, पण फेटा इथं ठेवा. पांढरं आत चालत नाही. मी म्हणालो, फेटा ठेवायचा तर डोकंही इथंच ठेवावं लागेल. त्यांनी वाद घातला नाही. थकलेल्या होत्या.

वर गेलो. भीती वाटली का, हे मला लय जण विचारतात. नाही वाटली. खाली आमचा माळ एवढासा झाला, वाटा मेंढराच्या पाठीवरच्या कातरीच्या रेघांसारख्या दिसल्या. वळताना ऊन बाजूनं आलं, आणि मी उजवीकडं बघितलं तर बाहेर, पंखावर, आभाळात एक माणूस बसलेला.

पांढरा फेटा. पांढरा सदरा. मधून शेतं दिसायची, विहिरी दिसायच्या, इतका पातळ. तोंडावर सावली. माझ्याकडंच बघत होता. मला कळत होतं की तो मीच आहे, कागदाचा धडा मी विसरलो नव्हतो. पण त्याचा शेमला डाव्या खांद्यावर होता. आमच्या घरात आरसा आहे तो तळहाताएवढा, दाढीपुरता. फेट्यासकट अख्खा मी स्वतःला समोरून कधी बघितलेला नाही. आरसा उलटं दाखवतो एवढं मलाही कळतं. पण भाऊ जगला असता तर म्हातारा होऊन असाच दिसला असता. बराबर असाच.

तेवढ्यात ताईंनी विमान मावळतीकडं वळवलं आणि सूर्य घुमटात शिरला.

सगळं पेटलं. पट्टी गेली, माळ गेला, तारा गेल्या. समोर नुसती कडी उठली, बारीक, चांदीच्या तारेची, शेकडो. मी ती बघताक्षणी ओळखली. प्रत्येक कडं हाताच्या पंजाएवढं, आणि जिथं मनगट फिरतं तिथं एक छोटी शेपटी. कंदिलाच्या काचेवर माझा हात असाच फिरायचा. सत्तर वर्षं असाच फिरलाय. तो सगळा घुमटभर माझा हात होता, आणि मधोमध जिथं कडी एकमेकांवर चढली होती, तिथं उजेड साकळून उभा राहिला होता. उंच. पांढरा. डोकं गोल.

"मामा, फेटा काढून पायाशी ठेवा," ताई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "मला खालचं काहीच दिसंना."

घरच्या सुतकाशिवाय माझं डोकं उघडं कुणी बघितलेलं नाही. मी फेटा काढला. पंखावरचा माणूस गेला. त्याच्या जागी एक टकला म्हातारा बसला, घाबरलेला, आणि त्याला मी ओळखत होतो. समोरची कडी मात्र तशीच. ताईंनी मान खाली घालून बाजूनं, घुमटाच्या खालच्या कडेतून जमीन बघत बघत विमान टेकवलं. चाकं लागली तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटलेला होता.

पंखा थांबला. त्यांनी विचारलं, "दिसला?"

माझा फेटा पायाशी होता. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की कडी मलाही दिसली, आणि ती माझी आहेत. माझ्या काचेचं नाव सोयऱ्याधायऱ्यांत होतं. घुमटाला माझ्याशिवाय दुसऱ्याचा हात लागलेला नव्हता.

"न्हाई," मी म्हणालो.

ताईंनी मान हलवली. जशी एखादी तब्येतीची बातमी आधीच माहीत असलेलं माणूस हलवतं तशी. मग त्या खाली उतरल्या, आणि उतरताना पायरी चाचपली. जी पायरी त्या रोज न बघता उतरायच्या, ती त्यांनी पायानं चाचपली. त्यांचे वडील शेवटी अशीच चाचपायचे.

घरी आल्यावर मी जेवलो नाही. कारभारणीनं ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "राखंचं सांगितलं का ताईला?"

राखेनंच काहीतरी बिघडलंय हे तिला कसं कळलं ते मी विचारलं नाही. चाळीस-पन्नास वर्षं माझ्या हातची काच तिनं बघितलीय, तिला कळणारच.

सकाळी उजाडायच्या आधी मी माळावर गेलो. विमान हलकं असतं, उताराला एकटा माणूस ढकलू शकतो. मी त्याचं तोंड उगवतीकडं करून उभं केलं. फेटा बांधला नव्हता. उपरणं डोक्याला गुंडाळलेलं, तेही मळकं, जाणूनबुजून. ताई आल्या त्या कागदाचं पाकीट हातात घेऊनच. विमान बाहेर का काढलं, विचारलं. मी म्हणालो, बसा. त्या बसल्या. मी घुमट खाली घेतला आणि बाहेर उभा राहिलो.

सूर्य रानाच्या कडेवर आला. त्यांच्या चेहऱ्यावर आतून कड्यांची जाळी पडली. गालावर, कपाळावर, बारीक हलणारी. मी घुमटावर बोट टेकवलं आणि एका कड्यावरून फिरवलं. गोल, शेवटी मनगटाची शेपटी. मग शेजारच्या कड्यावरून. मग त्याच्या खालच्या. आतून ताईंचे डोळे माझ्या बोटामागं फिरत होते.

घुमट उघडल्यावर मी एका दमात बोललो.

"तुमचे डोळे शाबूत हायेत, ताई. घुमट मी नासवला. राखंनं घासला, कोरडा, गोल. तुमी इचारलं तवा खोटं बोललो, आन काल बी बोललो. मला बी दिसलं व्हतं."

पांढरं पाकीट त्यांच्या मांडीवर होतं, पण त्या तिकडं बघत नव्हत्या.

"कंदील समजलाव काय, मामा?"

"व्हय."

"आन काल मला आंधळी करून घरला गेलाव."

त्यांनी पाकीट दुमडून खिशात घातलं आणि खाली उतरल्या. पायरी चाचपली नाही.

मला कामावरून काढतील असं वाटलं होतं. त्यांनी काढलं नाही, पण आठ दिवस कामापुरतंच बोलल्या. डोळे तपासून आल्या, ते स्वच्छ निघाले, एवढं मात्र आल्या आल्या सांगितलं. मग घुमटासाठी डब्यांतून लेप आले, जाड, मध्यम, मऊ. ओरखडे काढायला ओरखड्याहून बारीक ओरखडे मारावे लागतात, तेही सरळ, नाकाकडून शेपटीकडं. ते सगळं मी एकट्यानं केलं. महिना लागला. हात आपोआप गोल व्हायला बघायचा, मी त्याला दुसऱ्या हातानं धरायचो. फळीसाठी आणि शेजारच्या बैठकीसाठी काळ्या लोकरीचं घोंगडं विणवून आणलं. काळी लोकर उजेड पिऊन टाकते, हे त्यांच्या काळ्या रंगालाही जमत नाही. ताईंनी ते लावून बघितलं आणि म्हणाल्या, हे बरंय. तेव्हा मला कळलं की आता बोलणं सुरू झालं.

त्या परत संध्याकाळी उतरायला लागल्या. मी पट्टीच्या टोकाला, हिवराच्या खोडापाशी काळं घोंगडं पांघरून उभा राहतो, रोह्यांवर नजर ठेवून. एकदा त्यांनी विचारलं, त्या दिवशी हात कुणाचा होता. मी म्हणालो, ओरखडे. त्या म्हणाल्या, ओरखड्यांना हात नसतो. मग मी त्यांना हिवराचं सांगितलं, सगळं, हातासकट. पहिल्यांदाच. त्या खोडाकडं बघत राहिल्या आणि पुढं कधी त्यावर बोलल्या नाहीत. त्यांना तो परत दिसलेला नाही.

घुमट आता स्वच्छ आहे. फक्त मागं, उजव्या बैठकीच्या खांद्याशी, जिथं चालवणाऱ्याची नजर कधीच जात नाही, तिथं एक कडं मी राहू दिलंय. पंजाएवढं. ताईंना माहीत आहे. त्यांनी बोट ठेवून माझ्याकडं बघितलं होतं, आणि बोट काढून घेतलं होतं.

ताई परभणीला गेल्या की कधी कधी संध्याकाळी मी विमानाचं तोंड मावळतीकडं करतो, पांढरा फेटा बांधतो आणि उजव्या बैठकीत बसतो. घुमट खाली घेतो. आत लय शांत असतं, स्वतःचा श्वास ऐकू येतो. ऊन आडवं झालं की तो येऊन बसतो. शेमला डाव्या खांद्यावर. आम्ही दोघं एकमेकांकडं बघतो. मी दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरतो, बोटसुद्धा हलू देत नाही. त्यानं हात वर केलाच, तर तो त्यानंच केला हे मला कळलं पाहिजे.